विश्लेषण : पाय मुरगळला, गुडघा सुजला, कंबर धरली... आधी कोणाकडे जावे? डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट की हाडवैद्य?

फिजिओथेरपिस्टनी नावाआधी ‘डॉ.’ लावावे की नाही, यावरून केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये एका दिवशी पत्र काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. वाद रंगला तो उपाधीवरून. पण रुग्णासाठी त्यातला महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे. स्नायू किंवा सांध्याला दुखापत झाली की पहिल्यांदा कोणाकडे जायचे? हा निर्णय चुकला तर कधी पैसे वाया जातात, तर कधी हात किंवा पाय कायमचा अधू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १७१ कोटी लोकांना स्नायू, हाडे आणि सांध्यांचे काही ना काही दुखणे आहे. त्यामुळे हा प्रश्न आज ना उद्या जवळपास प्रत्येक घरात येतोच.

उपाधीचा वाद नेमका काय?

फिजिओथेरपीचा नवा राष्ट्रीय अभ्यासक्रम एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. पदवीधरांनी नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावावे, अशी सूचना त्यात होती. डॉक्टरांच्या संघटनांनी त्याला आक्षेप घेतला. त्यानंतर ९ सप्टेंबरच्या पत्रात महासंचालनालयाने, फिजिओथेरपिस्ट हे वैद्यकीय डॉक्टर म्हणून प्रशिक्षित नसल्याने त्यांनी ही उपाधी वापरू नये, अशी भूमिका घेतली. फिजिओथेरपिस्टनी डॉक्टरांनी पाठवलेल्याच रुग्णांवर उपचार करावेत, हा मुद्दाही त्यात होता. विरोध होताच, विषयाचा आणखी विचार करण्याची गरज असल्याचे सांगत १० सप्टेंबरला पत्र मागे घेण्यात आले.

संसदेने २०२१ मध्ये केलेला सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा मात्र वेगळे सांगतो. त्यातील व्याख्येनुसार फिजिओथेरपिस्ट रुग्णाची तपासणी करू शकतो आणि स्वतंत्रपणे किंवा इतर तज्ज्ञांच्या बरोबरीने व्यवसाय करू शकतो. किमान पात्रता पदवीची आहे. म्हणजेच चिठ्ठीशिवाय फिजिओथेरपिस्टकडे जाण्यास ही व्याख्या आडकाठी करत नाही. ऑस्ट्रेलियात अशी थेट भेटीची मुभा १९७६ पासून आहे. ब्रिटनमध्ये तर अनेक सरकारी दवाखान्यांत पाठदुखीच्या रुग्णाला पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टच तपासतो. मात्र थेट जाता येते म्हणून प्रत्येक दुखापतीत थेट तिथेच जावे, असा याचा अर्थ नाही.

कोणाचे शिक्षण काय, काम काय?

अस्थिरोगतज्ज्ञ म्हणजे ऑर्थोपेडिक सर्जन. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेला हा डॉक्टर मोडलेले हाड, निखळलेला सांधा, तुटलेला अस्थिबंध यांवर उपचार करतो. प्लास्टर, इंजेक्शन, औषधे आणि शस्त्रक्रिया हे त्याचे क्षेत्र.

फिजिओथेरपिस्टचे शिक्षण हालचालीचे असते. महाराष्ट्रात या पदवीचा अभ्यासक्रम आतापर्यंत आंतरवासितेसह साडेचार वर्षांचा राहिला आहे. कोणता स्नायू कमकुवत आहे, सांधा कुठे अडतो, भार किती आणि कसा वाढवायचा हे तो ठरवतो. औषधे लिहून देणे किंवा शस्त्रक्रिया करणे हे त्याचे काम नाही.

या दोघांच्या मधला एक तज्ज्ञ फारसा कोणाला ठाऊक नसतो. तो म्हणजे भौतिक औषधोपचार आणि पुनर्वसन या विषयात एमडी केलेला डॉक्टर. शस्त्रक्रिया न करता औषधे, इंजेक्शन, कृत्रिम साधने आणि व्यायाम यांची सांगड तो घालतो. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची संस्था याच विषयाला वाहिलेली आहे. याशिवाय संधिवाततज्ज्ञ सांध्यांच्या सुजेचे आजार पाहतो आणि क्रीडावैद्यकतज्ज्ञ खेळाडूंच्या दुखापती. साध्या दुखण्यात मात्र ओळखीचा फॅमिली डॉक्टर हीच अनेकदा योग्य पहिली पायरी असते, कारण मधुमेह, रक्तदाब आणि चालू असलेल्या गोळ्यांची माहिती त्याच्याकडे असते.

थेट रुग्णालय कधी गाठावे?

हात किंवा पाय वाकडा दिसणे, हाड त्वचेबाहेर येणे, सांधा जागेवरून सरकलेला वाटणे, जखमेखालची बोटे पांढरी, निळी किंवा थंड पडणे, बधिर होणे यांपैकी काहीही असेल तर दवाखाना बदलत बसू नये. अपघात विभाग असलेले आणि अस्थिरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. निखळलेला खांदा घरी किंवा मैदानावर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. हाडही मोडलेले असेल तर या ओढाताणीत नस किंवा रक्तवाहिनी दुखावू शकते.

कंबरदुखीतही एक धोक्याची खूण आहे. कंबर दुखत असताना लघवी अडली, शौचावरचा ताबा सुटला, जांघेतला आणि बैठकीचा भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होत गेली, तर मणक्याच्या तळाशी असलेल्या मज्जातंतूंच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी तासांचा हिशेब असतो. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

सांधा लाल, गरम आणि टम्म सुजला असून तापही आला असेल तर सांध्यात जंतुसंसर्ग असण्याची शक्यता असते. त्यावर शेक आणि मालीश करणे धोक्याचे. डाव्या खांद्यात किंवा हातात अचानक दुखू लागले, सोबत छातीत दडपण आणि घाम असेल, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते, खांद्याचे नव्हे. एकच पोटरी सुजून दुखत असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, प्लास्टरमध्ये असताना किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झाली आहे का हे आधी पाहावे लागते. तोवर ती चोळू नये.

मुरगळलेल्या पायाला एक्स-रे हवाच का?

प्रत्येक वेळी नाही. कॅनडातील ओटावा येथील डॉ. इयान स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यासाठी सोपे नियम मांडले. आज ते जगभर ‘ओटावा नियम’ म्हणून वापरले जातात. घोट्याच्या आजूबाजूला दुखत असेल आणि घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकाला अथवा मागच्या कडेला, खालच्या सहा सेंटिमीटरमध्ये, दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढावा. पावलाच्या बाहेरच्या कडेला करंगळीच्या रेषेतील लांब हाडाच्या बुडाशी किंवा आतल्या कडेला कमानीच्या वरच्या हाडावर दाबून दुखत असेल तरीही काढावा. दुखापतीनंतर लगेच आणि तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील तर काढावाच. लंगडत टाकलेली पावलेही यात धरली जातात.

यातले काहीच नसेल तर हाड मोडलेले असण्याची शक्यता अगदी कमी असते. मात्र लहान मुले, मधुमेहामुळे पायाची संवेदना गेलेले रुग्ण, नशेत असलेली व्यक्ती किंवा एकाच वेळी अनेक ठिकाणी मार लागलेला माणूस यांच्याबाबत केवळ या नियमांवर विसंबता येत नाही.

घोट्याजवळची आणखी एक दुखापत हमखास निसटते. धावताना किंवा उडी मारताना मागून कोणीतरी लाथ मारल्यासारखे वाटते, टाचेच्या वर खड्डा जाणवतो, पण रुग्ण कसाबसा चालू शकतो. ही टाचेची मोठी कंडरा तुटल्याची लक्षणे आहेत. एक्स-रे स्वच्छ येतो आणि ‘लचक आहे’ म्हणून रुग्ण घरी जातो. चवड्यावर उभे राहता येत नसेल तर काही दिवसांतच अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

फिजिओथेरपिस्टकडे आधी गेले तर चालेल असे त्रास कोणते?

हाड शाबूत असलेला मुरगळलेला घोटा, मांडीच्या मागच्या स्नायूला आलेला ताण, वजन उचलताना भरलेली उसण, कोपराच्या बाहेरच्या बाजूचे दुखणे, उतारवयात झिजलेला गुडघा आणि मधुमेहींमध्ये वारंवार आढळणारा आखडलेला खांदा या तक्रारींचा मुख्य उपचार योग्य व्यायाम हाच आहे. नव्याने सुरू झालेली बहुतेक साधी कंबरदुखी काही आठवड्यांत ओसरते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा जमेल तेवढी हालचाल चालू ठेवणे त्यात उपयोगी ठरते.

विश्रांतीबद्दलचा सल्लाही बदलला आहे. ‘विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय वर’ हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये मांडले. पूर्ण विश्रांती आणि बर्फ यांमुळे बरे होणे लांबू शकते, असे पुढे त्यांनीच मान्य केले. आता पहिले एक-दोन दिवस जपून, मग हळूहळू भार वाढवत न्यावा, याकडे कल आहे.

चांगला फिजिओथेरपिस्ट ओळखायची खूण सोपी आहे. तो आधी दुखापत कशी झाली ते विचारतो, दोन्ही बाजू तपासून तुलना करतो, घरी करायचे व्यायाम शिकवतो आणि किती आठवड्यांत काय जमायला हवे ते सांगतो. तपासणी न करता केवळ शेक आणि मशीन लावून रोज झोपवून ठेवले जात असेल, तर पैसे जातात आणि स्नायू आहेत तिथेच राहतात. ठरलेल्या मुदतीत फरक पडला नाही तर स्वतःहून डॉक्टरकडे पाठवणे, हेही चांगल्या फिजिओथेरपिस्टचे लक्षण.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’ दिसली, म्हणजे शस्त्रक्रिया अटळ?

तसे नाही. कंबर अजिबात न दुखणाऱ्या ३,११० जणांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. मणक्याच्या गादीची झीज वयाच्या विशीतल्या ३७ टक्के लोकांत आढळली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत. म्हणजे एमआरआयमध्ये दिसणारा प्रत्येक बदल हा दुखण्याचे कारण नसतो. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा नसतील तर पहिल्याच आठवड्यात एमआरआय काढून उगाच धास्ती वाढते.

गुडघ्याचेही असेच आहे. फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात, झिजेमुळे फाटलेल्या गुडघ्याच्या गादीवर दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया आणि केवळ शस्त्रक्रियेचा देखावा यांच्या परिणामात वर्षभराने लक्षणीय फरक आढळला नाही. स्वीडनमध्ये गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटलेल्या १२१ तरुणांचा अभ्यास झाला. ज्यांना आधी व्यायाम आणि गरज पडलीच तर नंतर शस्त्रक्रिया हा मार्ग नेमून दिला होता, त्यांतील जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया करावी लागली नव्हती.

याचा अर्थ शस्त्रक्रिया निरुपयोगी, असा नाही. गुडघा वारंवार दगा देत असेल, अडकून बसत असेल किंवा रुग्णाला कबड्डी, फुटबॉलसारख्या खेळात परतायचे असेल तर गणित बदलते. बीडचा धावपटू अविनाश साबळे जुलै २०२५ मध्ये मोनॅको डायमंड लीगमध्ये पडला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे तो टोकियोतील जागतिक स्पर्धेला मुकला. क्रिकेटपटू ऋषभ पंत डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातानंतर थेट मार्च २०२४ मध्ये मैदानात उतरला. शस्त्रक्रिया काही तासांत संपते. पुढचे महिनोन्महिने काम पुनर्वसनाचेच असते. म्हणून डॉक्टर की फिजिओथेरपिस्ट, हा प्रश्न अनेकदा ‘आधी कोण आणि नंतर कोण’ असा असतो.

मार लागला नसतानाही सांधे दुखत असतील तर?

अशा वेळी व्यायामाआधी निदान महत्त्वाचे. दोन्ही हातांच्या बोटांचे छोटे सांधे सुजत असतील, सकाळी उठल्यावर तासाभराहून अधिक काळ ते आखडलेले राहत असतील, तर आमवाताची शंका घ्यावी. ऐन तारुण्यात तीन महिन्यांहून अधिक काळ कंबर दुखते, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते, हे मणक्याच्या संधिवाताचे लक्षण असू शकते. या दोन्हींत संधिवाततज्ज्ञाकडे लवकर पोहोचल्यास सांध्यांची हानी रोखता येते.

भारतात मणक्याच्या क्षयरोगाचाही विचार करावाच लागतो. पाठदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपमोड करणारी कळ असेल तर मालीश, पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांत महिने घालवू नयेत. वेळेत निदान झाले तर औषधांनी हा आजार बरा होतो, उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात.

हाडवैद्यांकडे लोक आजही का जातात?

कारण तो जवळ असतो, स्वस्त असतो, ओळखीचा असतो आणि ‘ऑपरेशन लागेल’ असे म्हणत नाही. तालुक्याच्या गावी अस्थिरोगतज्ज्ञ नसेल तर कुटुंबापुढे पर्यायही थोडे उरतात. ही परंपरा कमअस्सल मानण्याचेही कारण नाही. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवरील उपचारांचा स्वतंत्र विचार आहे. आधुनिक अस्थिशास्त्राच्या आद्य पुरुषांपैकी एक, ह्यू ओवेन थॉमस, हे ब्रिटनमधील हाडे बसवणाऱ्या घराण्यातलेच होते. त्यांच्या नावाची पायाची फळी पहिल्या महायुद्धात हजारो सैनिकांना उपयोगी पडली. पण थॉमस यांनी घरच्या विद्येला वैद्यकीय शिक्षणाची जोड दिली होती, हे विसरता येत नाही.

आजचा धोका आहे तो घट्ट बांधलेल्या पट्टीचा. खेळताना पडलेल्या मुलाचे कोपराजवळचे हाड मोडते, सूज वाढत जाते आणि वरून बांबूच्या पट्ट्या करकचून आवळल्या जातात. आतला रक्तपुरवठा तुटतो. साधारण सहा तासांनंतर स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात आणि हात पंजासारखा आखडतो. जर्मन सर्जन रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी १८८१ मध्ये वर्णन केलेले हे व्यंग आजही भारतीय रुग्णालयांत दिसते. दुखापतीच्या मानाने दुखणे असह्य असेल, बोटे सरळ करताच मूल किंचाळत असेल तर आधी पट्टी सोडावी आणि लगेच रुग्णालय गाठावे. हे प्लास्टरलाही लागू आहे. ‘दुखणारच, सहन कर’ हा सल्ला इथे घातक ठरतो. नोंदणीकृत आयुर्वेद वैद्य आणि केवळ परंपरेने पट्टी बांधणारा हाडवैद्य, यांतला फरकही लक्षात घ्यायला हवा.

मान ‘कट्ट’ करणाऱ्या रीळचे काय?

समाजमाध्यमांवर मान झटक्यात वळवून आवाज काढणाऱ्या चित्रफिती लोकप्रिय आहेत. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातील द्रवात पोकळी तयार होताना तो येतो. बोटे मोडतानाही तेच घडते. काहींना त्याने तात्पुरते हलके वाटते. मात्र मानेला दिलेल्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेल्या आहेत. अशा घटना दुर्मीळ असल्या तरी परिणाम गंभीर असतात. कायरोप्रॅक्टरसाठी भारतात डॉक्टरांसारखी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही. त्यामुळे समोरच्याचे शिक्षण काय, हे रुग्णालाच विचारावे लागते. न्हावी किंवा मालीशवाल्याकडून मान मोडून घेण्यालाही हाच धोका आहे. जिममधील प्रशिक्षक व्यायाम शिकवू शकतो, दुखापतीचे निदान हे त्याचे काम नव्हे.

खर्चाचा निवडीवर परिणाम होतो का?

होतो, आणि तो उलटा होतो. आरोग्य विमा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांचा भर रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो. परिणामी शस्त्रक्रिया परवडते आणि तिला यशस्वी करणारा व्यायाम परवडत नाही, अशी स्थिती येते. रोजंदारीवरच्या कामगाराचा किंवा डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाचा तर प्रत्येक फेरीला मजुरीचाही तोटा होतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आणि जिल्हा रुग्णालयांतील फिजिओथेरपी विभाग हा यातला स्वस्त पर्याय. रोज येणे शक्य नसल्याचे पहिल्याच भेटीत सांगून घरी करण्याजोगा कार्यक्रम लिहून घेता येतो.

नोंदणी कशी तपासावी?

डॉक्टरची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. एमबीबीएससोबत अस्थिरोगाची पदव्युत्तर पदवीही तिथे नोंदलेली आहे का, हे पाहावे. फिजिओथेरपिस्टसाठी राज्यात २००२ च्या कायद्यानुसार व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषद आहे. आयुर्वेद पदवीधरांसाठी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद आहे. पाटीवरील ‘डॉ.’ या उपाधीवरून यातले काहीच कळत नाही. त्यापुढची पदवी आणि नोंदणी क्रमांक वाचावा लागतो.

उपचार सुरू करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. नेमके निदान काय? शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन आत्ता न घेता काही आठवडे व्यायाम केला तर काय बिघडेल? आणि किती दिवसांत फरक पडला नाही तर पुढे काय? नाव न सांगता दिल्या जाणाऱ्या पुड्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. म्हणून औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून मागावे. शस्त्रक्रिया सुचवली गेली आणि ती तातडीची नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. उपाधीचा वाद सरकारदरबारी कसाही सुटो, या प्रश्नांची सरळ उत्तरे देणाऱ्याकडेच रुग्णाने दुखरा सांधा सोपवावा.